पाणमायचा श्वास

"झटका देऊ नका रे! दोर वजनानं नाही तुटत, झटक्यानं तुटते!"

सुकराम मुकादमाचा हा आवाज केशोराव शिवणकरांनी लहानपणी सालेकश्याच्या जंगलात ऐकला होता. बिजा-सागाचे ओंडके दोर लावून रुळांपर्यंत ओढत आणायचे. गडी दोराला हात घालून उभे राहत, आणि ओढायच्या आधी मुकादम गाणं म्हणे:

दम धर गड्या, दम धर,
झोपलं लाकूड, हळू कर.
जागं झालं की येते मागं,
बैलावानी घराले लागं.

ओंडका एकदा चालू लागला की गडी हसत-खिदळत ओढत. कठीण ती त्याला उठवायची घडी. दोर तुटायचे ते तेव्हाच.

पुढे केशोराव पोलिसात गेले, फौजदार झाले, वरच्यांशी जमलं नाही म्हणून राजीनामा टाकून गोंदियात खाजगी तपासाची कामं घेऊ लागले. मुकादमाचा आवाज जंगलातच राहिला. १९५४च्या आश्विनात डोहटोल्याच्या टेकडीवर तो पुन्हा ऐकू आला नसता, तर टिकाराम नावाचा एक माणूस फासावर गेला असता.

*

गीताबाई दारात उभी राहिली. बसली नाही.

"बसा बाई," जागेश्वर म्हणाला. हा केशोरावांचा जुना हवालदार. त्यांच्यामागोमाग त्यानेही नोकरी सोडली होती. डोकं संथ, पण माणूस सावलीसारखा सोबतीला.

"बसाले नाही आली जी. नवऱ्याले फाशी होऊन राहिली, अन् गाव म्हणते, व्हावी."

"कोण तुमचा नवरा?"

"टिकाराम. डोहटोल्याचा. लक्ष्मीचंद पटलाच्या पंपावर इंजन चालवते."

मग ती एका दमात सांगत गेली. यंदा पाऊस आधीच पळाला. धान पोटरीत आलं आणि बांध्या, म्हणजे धानाची शेतं, तडकल्या. म्हणून लक्ष्मीचंद बिसेनांच्या पंपावर साऱ्या गावाचा जीव टांगलेला. नदीच्या डोहातलं पाणी टेकडीवरच्या टाक्यात चढायचं आणि तिथून पाटानं शेतात यायचं. कोणाच्या बांधीत किती सोडायचं, ते चैतराम पाणकर ठरवायचा. त्याचं आणि टिकारामचं पाण्यावरून भर चौकात वाजलं होतं.

"काय बोलला तुमचा नवरा चौकात?"

गीताबाई म्हणाली, "बोलला, तुले एक दिवस असं पानी पाजतो का तहान लागनार नाही. रागात बोलते जी मानूस."

"आणि मग?"

"तिसऱ्या दिवशी सकाळी पंपाजवळचं, नळाच्या वळणाचं लोखंडी कोपर फुटलं. तुकडा चैतरामच्या छातीत गेला. जाग्यावर मेला. पटलाचे इंजिनेर चैनलालसाहेब बोलले, टिकारामनं मुद्दाम वॉल्व्ह बंद केला, म्हून फुटलं. अन् वॉल्व्ह खरंच बंद भेटला."

"टिकाराम काय म्हणतो?"

"म्हनते, फुटल्यावर बंद केला. टेकडीवरलं पानी उलटं येऊन राहिलं होतं."

केशोरावांनी चष्मा पुसला. "चैतराम बाकी दिवस पंपावर यायचा?"

"भांडणापासून दोघं एकमेकाचं तोंड पाहत नोहते."

"मग त्या सकाळी कशाला आला?"

"तेच तं कोनाले मालूम नाही जी. गाव म्हणते, भांडाले आला."

*

ठाण्याच्या कोठडीत टिकाराम गुडघ्यात डोकं घालून बसला होता. जाडजूड हातांचा माणूस. त्या हातांकडे बघून जागेश्वर दोन पावलं मागेच राहिला.

"चैतराम काय बोलला आल्यावर?" केशोरावांनी विचारलं.

"धावत आला जी. बोलला, 'टिकाराम, पानी...' एवढंच. अन् कोपर फुटलं."

"पाणी काय?"

"पुढलं बोलाले जीव कोठी उरला?"

"फौजदार म्हणतात, पाण्यावरूनच भांडायला आला."

"म्हनू द्या." टिकारामने नजर वर केली. "मी त्याच्यासंग भांडलो. त्याले मारलं नाही."

"पंप कसा चालायचा? नेहमीसारखा?"

टिकाराम थोडा खुलला. मशीनचं बोलणं त्याला सोपं होतं. "आधी गरीब गाईवानी चालायचा. दट्ट्या मागं गेला का, 'सूं' असा श्वास घ्यायचा. बाया म्हनत, पाणमाय श्वास घेऊन राहिली. त्याईनं वरच्या घुमटाले शेंदूर लावला. मंग साहेबानं दुरुस्ती केली. सूं बंद झालं. पन हळूहळू मशीन ठोके देऊ लागली. धाड... धाड... जमीन हालत होती."

"सांगितलंस कोणाला?"

"चैनलालसाहेबाले सांगतलं. दाबाच्या घड्याळाचा काटा बी नाचत होता. साहेब बोलले, घड्याळाचा कॉक आवळ, काटा उभा राहते. आवळला. काटा पंचेचाळीसवर उभा राहिला. साहेब बोलले, पाहा, सगळं ठीक हाय."

बाहेर आल्यावर जागेश्वर म्हणाला, "राव, गडी खोटं बोलत नाही वाटत. पण वॉल्व्हवर त्याच्याशिवाय दुसऱ्याचा हात नव्हता."

"बरोबर आहे तुझं," केशोराव म्हणाले. "म्हणून वॉल्व्ह सोडून बाकी सगळं बघू."

*

डोहटोल्यात त्यांना कोणी पाणी विचारलं नाही. बैलांची रेंगी चौकात थांबली तेव्हा पारावरची माणसं उठून गेली. एका म्हाताऱ्याने जाता जाता मागे थुंकल्यासारखं म्हटलं, "खुन्याचे वकील आले."

लक्ष्मीचंद बिसेन ओसरीत झोपाळ्यावर होते. मालगुजारी गेली होती, आवाज गेला नव्हता.

"देखो केशोराव, आप फौजदार थे, अब नहीं हैं. तुमाले इथं कोनी बोलावलं नाही."

"टिकारामच्या बायकोने बोलावलं."

"माझा पाणकर मेला. धान सुकून राहिलं. पंप बंद. अन् तुम्ही त्या नालायकाची बाजू घेऊन येता?"

"मी पंप पाहायला आलो, पटेल. बाजू नंतर घेईन."

"किल्ली चैनलालकडे आहे. पंचनाम्यापासून कुलूप आहे. बघा, आणि पुढच्या गाडीने चालते व्हा."

चैनलाल रहांगडाले, लक्ष्मीचंदांचा भाचा. जबलपुराहून इंजिनिअर होऊन आलेला, कडक इस्त्रीचा. त्याने कुलूप काढलं, पण दार उघडून स्वतः उंबऱ्यातच थांबला.

पंप आत बसला होता, एखाद्या काळ्या जनावरासारखा. एका बाजूला नदीतून येणारा नळ, दुसऱ्या बाजूला टेकडीकडे जाणारा, आणि मध्ये दट्ट्याचं जाड नळकांडं. त्याच्या डोक्यावर माणसाच्या छातीएवढा लोखंडी घुमट. घुमटावर शेंदराचे जाड थर, वाळून तडकलेले. त्यांना टोरीच्या तेलाचा तो ओळखीचा वास होता, मोहाच्या बियांच्या तेलाचा. घुमटापासून हातभर पुढे फुटलेलं कोपर. त्याच्या पुढे वॉल्व्हचं चाक.

"हिशोब सोपा आहे," चैनलाल म्हणाला. "नदी ते टाकं ऐंशी फूट उंच. त्याचा दाब पस्तीस पौंड. नळातल्या घर्षणाचे दहा. एकूण पंचेचाळीस. कोपर दीडशे पौंडांना तपासून घेतलेलं आहे. पंचेचाळीस पौंडांनी ते फुटत नाही. म्हणजे कोणी तरी वाट अडवली. वाट अडवायला एकच जागा आहे, ते चाक. चाकाजवळ एकच माणूस होता. और क्या चाहिए आपको?"

"घड्याळ?"

"शेवटच्या दिवसापर्यंत पंचेचाळीस. टिकारामने स्वतःच पाहिलं."

जागेश्वर प्रभावित झाल्यासारखा मान हलवत होता. बोलता बोलता त्याने घुमटावर थाप मारली. बद्द असा आवाज आला.

"भरल्या घागरीसारखी वाजते ही," तो म्हणाला.

केशोरावांनी पुन्हा थाप मारली. खाली, मध्ये, वर. सगळीकडे बद्द. पोलिसात असताना रेल्वेच्या पाण्याच्या पंपावर त्यांनी कधी काळी पहारा केला होता. तिथेही असाच घुमट होता. पण त्याचा वरचा भाग मंदिरातल्या घंटेसारखा वाजायचा.

ते वाकले. नदीकडून येणाऱ्या नळावर, पंपाच्या अगदी जवळ, चिमणीच्या चोचीएवढी एक पितळी नळी बाहेर आलेली होती. तिच्यावर शेंदराचा एक ठिपका. त्यांनी बोट लावलं. शेंदूर बोटाला आला, ओला. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"इथे पूजा कोण करतं?"

"गावातल्या बायका. अडाणीपणा," चैनलाल म्हणाला. "पण आता त्या येत नाहीत. म्हणतात, रक्त सांडलंय, शुद्धी झाल्याशिवाय शेंदूर लागत नाही."

"बरोबर आहे त्यांचं," केशोराव म्हणाले आणि बोट रुमालाला पुसून रुमाल खिशात ठेवला.

*

टेकडीवर नळ दगडांच्या बैठकांवरून चढत गेला होता. ऊन डोक्यावर होतं, जागेश्वर धापा टाकत होता.

"राव, इंजिनिअर शिकलेला माणूस आहे. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. ह्यात आपण काय शोधतो?"

केशोराव एका दगडी बैठकीपाशी बसले. पावसाळ्यात साऱ्या दगडांवर शेवाळ चढलं होतं. पण जिथे नळ टेकला होता तिथे ते दोन्ही बाजूंनी घासून गेलेलं. दगड पांढरा पडलेला, त्यावर ताज्या गंजाची लाली. पुढची बैठक तशीच. त्यापुढचीही.

"हा नळ हलत होता," ते म्हणाले. "पुढे-मागे. बरेच दिवस."

"नळ कसा हलेल? तो काय बैल आहे?"

केशोराव उठले. हजार-बाराशे फुटांचा तो नळ खालपासून वरपर्यंत त्यांनी नजरेने मोजला. आत पाण्याचा केवढा मोठा ओंडका! दट्ट्या एकदा पुढे जातो, थांबतो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. म्हणजे तो ओंडका दर फेरीला झोपतो आणि दर फेरीला त्याला उठवावं लागतं.

आणि तेव्हा तो आवाज आला. जंगलाच्या आतून आल्यासारखा, आणि इतका जवळून की केशोरावांनी मान वळवली.

*दोर वजनानं नाही तुटत रे, झटक्यानं तुटते.*

ते हळूच हसले. "जागेश्वर, इंजिनिअरने ओंडक्याचं वजन मोजलंय. उठवायचा जोर मोजलाच नाही."

टाकं कोरडं पडलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळं पाणी पाटात सोडून द्यायचं, अशी रीत होती, म्हणून तळाला एक थेंबही उरत नसे. नळाच्या तोंडाखाली कपडे धुवायचा एक चपटा दगड होता. त्यावर एक धोतर पडलेलं. अर्धं पिळलेलं, आणि पिळ्यातच वाळून दोरासारखं ताठ झालेलं. काठाला हिरवी रेघ.

जागेश्वरने ते उचललं. "कोणी तरी धुणं अर्ध्यावर टाकून पळालं."

"केव्हा?"

"आता हे धोतर काय सांगेल, राव?"

"कोपर फुटलं त्याच्या आदल्या रात्री टाकं रिकामं होतं. फुटल्यानंतर इथे पाणी आलेलं नाही. मग हे धोतर कोणत्या पाण्यात भिजलं?"

जागेश्वरने डोकं खाजवलं. केशोरावांनी धोतर काळजीने, पिळा न मोडता, पिशवीत ठेवलं.

*

सुमित्राबाई, चैतरामची बायको, अंगणात बसली होती. कपाळ कोरं. पोरगी मांडीवर निजलेली. गीताबाईचं नाव ऐकताच तिचे डोळे पेटले.

"तिनं धाडलं तुमाले? जा, तिले सांगा. माझं कुंकू पुसलं तिच्या नवऱ्यानं. आता तिचं पुसलं का मंग बोलू."

"बाई, एक विचारतो. त्या सकाळी चैतराम पंपावर का गेले?"

"मले काय मालूम? मानसाचं मन."

"तुम्ही कुठे होता?"

"घरी."

ती खूप लवकर बोलली. केशोरावांची नजर अंगणातल्या वळणीवर गेली. तिथे दुसरं एक धोतर वाळत होतं. त्याच्याही काठाला हिरवी रेघ.

"त्या दिवशी टाक्यात पाणी कसं येत होतं, कोणी पाहिलं असेल का?"

"जा म्हनते ना तुमाले!" पोरगी दचकून जागी झाली. सुमित्राबाईने तिला छातीशी धरलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "माझ्या दारात उभे राहू नका. काऊन छळून राहिले तुमी?"

गल्लीत आल्यावर जागेश्वर म्हणाला, "काय तिखट बाई आहे!"

"तिखट नाही," केशोराव म्हणाले. "घाबरली आहे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार टिकारामला बेड्या घालून पंपावर घेऊन आले. केशोरावांनी जुन्या ओळखीखातर तेवढं मागून घेतलं होतं. लक्ष्मीचंद होते, चैनलाल होता. दाराशी गावातली माणसं, चेहरे दगडाचे. गीताबाई एका कोपऱ्यात, आणि तिच्यापासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात सुमित्राबाई. तिला पटलांनीच बोलावलं होतं, खुन्याचा निकाल ऐकायला.

"लवकर आटपा," लक्ष्मीचंद म्हणाले. "तमाशा नको."

केशोरावांनी कोळशाचा एक तुकडा चैनलालच्या हातात दिला. "तुमचा हिशोब भिंतीवर मांडा."

चैनलालने मांडला. पस्तीस, दहा, पंचेचाळीस. हात झटकले.

"हा हिशोब वाहत्या पाण्याचा आहे. सारखं, संथ वाहणाऱ्या. पण हा पंप दट्ट्याचा आहे. दर फेरीला नळातलं पाणी थांबतं आणि दर फेरीला ते हलवावं लागतं. तुम्ही कॉलेजात शिकलात. बाराशे फूट पाणी उभ्याचं चालतं करायला दट्ट्याला किती जोर लागतो?"

"तो जोर नळात येत नाही," चैनलाल पटकन म्हणाला.

"का येत नाही?"

चैनलाल थांबला. त्याच्या लक्षात आलं की उत्तर द्यायला नको होतं.

"का येत नाही, साहेब? मी सांगू? कारण वर हा घुमट आहे. ह्याच्यात हवा असायला हवी. दट्ट्याने पाणी रेटलं की हवा दबते, झटका आपल्या अंगावर घेते, आणि दट्ट्या मागे गेला की सावकाश पाणी पुढे ढकलत राहते. म्हणून नळातलं पाणी झोपतच नाही. फौजदारसाहेब, थाप मारा घुमटावर."

फौजदारांनी मारली. बद्द.

"हवा असती तर वरचा भाग घंटेसारखा वाजला असता. हा काठोकाठ पाण्याने भरलाय. हवा संपली. आता हवा नाही असं धरून तो जोर मांडा."

"मला आठवत नाही..."

"मांड," लक्ष्मीचंद म्हणाले. झोपाळ्यावरचा तो आवाज आता वेगळा होता.

चैनलालचा कोळसा भिंतीवर कुरकुरला. नळाची लांबी, दट्ट्याची आणि नळाची जाडी, फेऱ्यांचा वेग. शेवटचा आकडा त्याने हळू लिहिला. तीनशेच्या वर. आधीचे ते पंचेचाळीस. आणि तपासणीचे दीडशे त्या दोघांच्या मध्ये बापुडवाणे उभे.

दारातल्या माणसांना आकडे कळत नव्हते. पण चैनलालचा चेहरा कळत होता.

"झटक्यावर झटका बसत होता," केशोराव म्हणाले. "टेकडीवर जाऊन बघा. नळाने आपल्या बैठका घासून पांढऱ्या केल्यात. काटा नाचत होता, म्हणून त्याचा कॉक आवळायला लावला. कॉक आवळला की काटा फक्त सरासरी दाखवतो. वादळात दार लावून घेतलं की घरातल्याला वाटतं, वारा थांबला."

"पण हवा गेली कुठे?" फौजदारांनी विचारलं.

"दाबाखालची हवा पाण्यात थोडी थोडी विरघळते. तेवढी परत भरायची सोय करणाऱ्याने ठेवली होती. ही पितळी चोच. दट्ट्या मागे गेला की इथून चिमूटभर हवा आत जायची. 'सूं'. बायकांना ते कळलं होतं. त्या म्हणत, पाणमाय श्वास घेते. इंजिनिअरसाहेबांना वाटलं, पंप हवा ओढतोय म्हणजे गळती आहे, पाणी कमी पडतंय. त्यांनी नाक दाबलं."

केशोरावांनी चाकू काढला आणि शेंदराचा ठिपका खरवडला. खाली काळपट-लाल, काचेसारखं काही तरी चमकलं.

"लाख," जागेश्वर म्हणाला.

"लाख घरोघरी आहे," चैनलालचा आवाज चिरकला. "ह्या टिकारामनेच लावली असेल!"

"साहेब, तुमीच तं..." टिकाराम उठला. शिपायाने त्याला खाली बसवलं.

"लाख कोणी लावली यावर वाद घालता येईल," केशोराव शांतपणे म्हणाले. "शेंदरावर नाही. घुमटावरचा शेंदूर जुना, वाळलेला, टोरीच्या तेलातला. हा ठिपका काल माझ्या बोटाला ओला लागला. चैतराम गेल्यापासून कोणत्याही बाईने इथे शेंदूर लावला नाही, लावणारही नव्हती. हे तुम्हीच सांगितलंत. टिकाराम कोठडीत. कुलूप पंचनाम्यापासून, किल्ली तुमच्याकडे. आणि ज्याने लावला त्याला शेंदूर कशात कालवतात तेही माहीत नव्हतं." त्यांनी खिशातला रुमाल काढून फौजदारांच्या नाकाशी धरला.

"इंजिनाचं तेल," फौजदार म्हणाले.

नदीवर टिटवी ओरडली.

"चूक होती, मामाजी," चैनलाल खालच्या आवाजात म्हणाला. "मला वाटलं, पाणी वाढेल. सगळे पाणी-पाणी करत होते. फुटल्यावर घुमट वाजवून पाहिला तेव्हा कळलं."

"चुकीसाठी कोणी तुला धरलं नसतं," केशोराव म्हणाले. "कळल्यावर तू काय केलंस? लाख खरवडली असती तर ताजी खूण दिसली असती, म्हणून वर देव चढवला. आणि एका जिवंत माणसाची मान पुढे केलीस."

लक्ष्मीचंदांनी भाच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या आकड्यांकडे. "माझ्या घरातून झालं," एवढंच म्हणाले आणि पागोटं काढून हातात घेतलं.

फौजदार मात्र मान हलवत होते. "केशोराव, हवा नव्हती, मान्य. झटके बसत होते, मान्य. पण त्या सकाळी ह्याने वॉल्व्हही बंद केला नव्हता, हे कोण सांगतं? भांडण होतं. धमकी होती. चाक बंद सापडलं. कोर्ट मला विचारेल, पाणी वर जात होतं हे कोणी पाहिलं? माझ्यापाशी साक्षीदार नाही. मी ह्याला सोडू शकत नाही."

गीताबाईच्या घशातून एक बारीक आवाज निघाला.

केशोरावांनी पिशवीतून धोतर काढलं. ते अजून त्याच पिळ्यात होतं. त्यांनी ते सुमित्राबाईच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं आणि मागे सरले.

"बाई, मी काही विचारत नाही," ते म्हणाले. "हे टाक्यावर राहिलं होतं. तुमचं तुम्हाला दिलं."

सुमित्राबाईने धोतर उचललं. त्याचा ताठ पिळा ती हळूहळू उलगडू लागली, जणू अजून कोणाला नेसायला द्यायचं होतं. हिरवी रेघ सरळ झाली.

"पानी येऊन राहिलं होतं," ती म्हणाली.

फौजदार वळले. "काय?"

"मी टाक्यावर होती. धुनं धूत होती. फुटल्याचा आवाज आला तोवर नळाले पानी होतं. वॉल्व्ह उघडा होता."

"मग इतके दिवस का नाही बोललीस, बाई?"

"कशी बोलू? बोलली असती तं पुढलं बी बोला लागलं असतं." तिने धोतर छातीशी घेतलं. "पोरीचा बाप माझ्याजवळच बसला होता. पानी सरळ येत नोहतं. थांबे, अन् भसकन उडे. माझं मन धडधड करे. मीच म्हटलं, जा, खाली सांगून ये. तो म्हने, त्याच्या दारात पाय ठेवनार नाही. मीच बोलली, भांडण ठेव बाजूले. पानी साऱ्या गावाचं हाय. हातानं लोटलं मी त्याले. मीच धाडलं."

सुमित्राबाईने पहिल्यांदाच, चैतराम गेल्यापासून पहिल्यांदाच, बेडीतल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं.

"भांडाले नोहता आला तो. त्याचं बोलनं तुझ्यापाशी अर्धं राहिलं, मले जाताना बोलून गेला, ते ऐक. 'टिकाराम, पानी उचक्या देऊन राहिलं. मशीन बंद कर, नाही तं तुलेच काही होईन.' हे सांगाले आला होता तो तुले."